धूर आत घेतला नाही, म्हणून पाइप किंवा सिगार निर्धोक होत नाही

पाइपचे शौकीन सिगारला उग्र म्हणतात, सिगारवाल्यांना पाइप भरणं-साफ करणं कटकटीचं वाटतं. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत: ‘आम्ही धूर छातीत घेत नाही, त्यामुळे धोका नाही.’ हा समज चुकीचा आहे.

सिगारेटचा धूर बहुधा आम्लधर्मी, म्हणून त्यातलं निकोटिन मुख्यतः फुप्फुसांतून रक्तात जातं. सिगारची तंबाखू आंबवलेली असते, तिचा धूर अल्कधर्मी होतो आणि निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच शोषलं जातं. त्यात मात्राही मोठी. सिगारेटमध्ये जेमतेम १ ग्रॅम तंबाखू, तर मोठ्या सिगारमध्ये ५ ते २० ग्रॅम! तासभर तो धूर तोंडात घोळत राहतो, विषारी द्रव्यं लाळेबरोबर घशात उतरतात.

पाइपचंही तेच. ओठांच्या कर्करोगाशी त्याचा संबंध अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याच्या) अहवालाने १९६४ मध्येच नोंदवला होता.

धूर आत न घेणाऱ्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगारेटवाल्यांपेक्षा कमी, हे खरं. पण तंबाखू न ओढणाऱ्यांपेक्षा तो जास्तच. तोंड, घसा, अन्ननलिका तर थेट माऱ्यात. आणि सिगारेट सोडून इकडे वळलेले लोक सवयीने धूर आतच ओढतात, त्यांची मला जास्त काळजी वाटते.