निकाल कोणाच्या हाती? छोट्या पडद्यावरील स्पर्धांची पार्श्वभूमी

कोल्हापूरला स्पर्धा नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात पाठ टेकली की कुस्तीचा निकाल लागतो आणि तो शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही दिसतो. भजनी मंडळांच्या स्पर्धांत किंवा राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत निकाल परीक्षकांचा असतो आणि त्यावर पुढचे आठ दिवस वाद घालण्याचा हक्क प्रेक्षकांचा. दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषा, गायन-नृत्याच्या स्पर्धा आणि घरगुती खेळांचे कार्यक्रम यांचा इतिहास पाहताना हेच परिमाण उपयोगी पडते. निकाल कोण देतो आणि कार्यक्रमाचा खर्च कोण उचलतो, या दोन प्रश्नांची उत्तरे जसजशी बदलली, तसतसे या कार्यक्रमांचे रूपही बदलत गेले.

या दोन प्रश्नांची गाठ किती घट्ट असते, हे सर्वप्रथम अमेरिकेत उघड झाले. तेथे १९५५ साली 'द सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन' हा कार्यक्रम आला आणि त्याची प्रायोजक असलेल्या रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीचा खप झपाट्याने वाढला. त्यामागोमाग भरघोस बक्षिसांच्या प्रश्नमंजूषांची रांग लागली. त्यांपैकी 'ट्वेंटी-वन'मध्ये गाजलेले चार्ल्स व्हॅन डोरेन हे कोलंबिया विद्यापीठातील अध्यापक होते. आपल्याला उत्तरे आधीच सांगितली जात होती, अशी कबुली त्यांनी १९५९ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे दिली. खासबागेच्या भाषेत ही नुरा कुस्तीच, म्हणजे निकाल आधीच ठरवून खेळलेली कुस्ती, होती. पुढील वर्षी तेथे अशी लबाडी कायद्याने गुन्हा ठरली.

भारतात आरंभीचा काळ सरकारी असल्याने पैशाचा हा मोह फारसा नव्हता. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, परंतु छोट्या शहरांतील घराघरांत दूरदर्शन पोहोचले ते ऐंशीच्या दशकात, लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे पसरल्यावर. तोपर्यंत कोल्हापूरकरांची भिस्त मुख्यतः आकाशवाणीच्या सांगली केंद्रावर होती. १९८५ साली सिद्धार्थ बसू यांचा 'क्विझ टाइम' आला. महाविद्यालयांचे संघ, झटपट इंग्रजी प्रश्न आणि जिंकणाऱ्याला प्रामुख्याने मान, असे त्याचे स्वरूप होते. निकाल उत्तरपत्रिकेइतकाच रोखठोक असे, मात्र हा खेळ इंग्रजी शिकलेल्यांचा होता, हेही खरे.

नव्वदच्या दशकात केबल आली आणि खासगी वाहिन्यांना आठवडाभर भरून काढायला कार्यक्रम हवे झाले. झी टीव्हीवर १९९३ साली 'अंताक्षरी' आणि १९९५ साली 'सारेगम' सुरू झाले. 'सारेगम'चे सुरुवातीचे सूत्रसंचालक सोनू निगम होते आणि परीक्षकांच्या खुर्चीत बुजुर्ग संगीतकार आणि शास्त्रीय गायक-वादक बसत. याच कार्यक्रमातील बालगायिका श्रेया घोषाल हिचा आवाज परीक्षक असलेले संगीतकार कल्याणजी यांनी हेरला होता. गाण्याचा निकाल जाणकाराने द्यायचा, हा दंडक कोल्हापूरच्या अंगवळणी पडलेलाच होता. अल्लादियाँ खाँसाहेबांनी शाहू महाराजांच्या पदरी राहून येथे गायकी रुजवली आणि एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेल्या देवल क्लब या संगीतसंस्थेत कानसेनांच्या पिढ्या घडल्या. अशा घरांनी 'सारेगम' विनातक्रार स्वीकारला. कार्यक्रमाच्या नावाआधी 'टीव्हीएस' हे दुचाकीच्या कंपनीचे नाव लागले होते, पण प्रायोजक अद्याप निकालात डोकावत नव्हता.

३ जुलै २००० रोजी स्टार प्लसवर 'कौन बनेगा करोडपती' आले. दोन वर्षांपूर्वी ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमाचा साचा रीतसर हक्क घेऊन आणला होता. प्रवेश दूरध्वनीवरून होता आणि प्रश्न हिंदीतून, त्यामुळे प्रश्नमंजूषेचे दार महाविद्यालयाबाहेरच्या माणसालाही उघडले. पहिले करोडपती हर्षवर्धन नवाथे मराठी निघाले, याचे कौतुक राज्यभर झाले. एक कोटीचे बक्षीस २००५ साली दोन कोटींवर आणि पुढे पाच कोटींवर गेले. मराठी अवतार मात्र २०१३ साली, सचिन खेडेकर यांच्या सूत्रसंचालनाखाली आला.

खरी उलथापालथ एसएमएसने केली. ब्रिटनच्या 'पॉप आयडॉल'वर बेतलेला 'इंडियन आयडॉल' २००४ साली सोनीवर सुरू झाला आणि त्यात मुंबईचा अभिजीत सावंत प्रेक्षकांच्या मतांवर विजयी झाला. परीक्षकांचे काम आता शिफारस करण्यापुरते उरले. मराठीत झी मराठीच्या 'सारेगमप'ला 'आयडिया' या मोबाइल कंपनीचे प्रायोजकत्व मिळाले, यात योगायोग पाहण्याचे कारण नाही. मत देण्याचे साधन विकणारी कंपनीच मतदानाच्या कार्यक्रमावर खर्च करत होती. कोल्हापूरचा अभिजीत कोसंबी या स्पर्धेत विजेता ठरला. आपल्या गावच्या गायकाला मते द्या, असे आवाहन करणारे डिजिटल फलक चौकाचौकांत लावण्याची रीत याच काळात गावोगावी रुळली, आणि जिल्ह्याची अस्मिता हा सुरांइतकाच महत्त्वाचा घटक झाला. गाणाऱ्याची तयारी आणि त्याच्या गावची लोकसंख्या यांतले अंतर पुसट होणे, हा माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा दोष होता.

एसएमएसच्या पैशांचा प्रश्न न्यायालयापर्यंतही गेला. 'कौन बनेगा करोडपती'च्या २००७ सालच्या पर्वात प्रेक्षकांसाठी 'हर सीट हॉट सीट' ही स्पर्धा होती आणि तिच्या प्रत्येक संदेशाला २ रुपये ४० पैसे आकारले जात. बक्षिसाची रक्कम प्रेक्षकांच्याच खिशातून वसूल होते, हा आक्षेप मान्य करून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली वाहिनी व दूरसंचार कंपनीला एक कोटीचा दंड केला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पुराव्याअभावी तो रद्द केला.

तरीही याच काळात मराठीने दोन गोष्टी आपल्या पद्धतीने घडवल्या. पहिली, २००८-०९ सालचे 'लिटल चॅम्प्स'. तेथे परीक्षक गुण अंकांत न देता स्वरांत देत, आणि 'वरचा सा' मिळाला की घरोघरी टाळ्या पडत. आळंदीची कार्तिकी गायकवाड विजेती ठरली, पण लोकांच्या लक्षात राहिले ते अंतिम फेरीतले पाचही जण.

दुसरी गोष्ट 'होम मिनिस्टर', आणि कोल्हापूरच्या दृष्टीने तिचा परिणाम सर्वांत खोल आहे. १३ सप्टेंबर २००४ रोजी सुरू झालेल्या या कार्यक्रमात आदेश बांदेकर 'भावोजी' म्हणून थेट घरी येत, सोपे खेळ घेत आणि जिंकणाऱ्या वहिनींना पैठणी देत. तेथे ऑडिशनची रांग नव्हती आणि मतदानही नव्हते. निकाल चार माणसांसमोर अंगणात लागे. हा साचा कोणालाही उचलता येण्याजोगा असल्याने 'खेळ पैठणीचा' या नावाने तो गणेशोत्सव, हळदी-कुंकू आणि झिम्मा-फुगडीच्या मेळाव्यांत शिरला. पेठांतील मंडळे आणि निवडणुकीच्या तयारीतले इच्छुक उमेदवार त्याचे प्रायोजक झाले. मूळ कार्यक्रम २०२२ साली अकरा लाखांच्या पैठणीच्या 'महामिनिस्टर'नंतर थांबला, तरी ध्वनिक्षेपकावरचा त्याचा हा अवतार चालूच आहे.

२०१८ साली मराठीत 'बिग बॉस' आल्यावर कौशल्याची अटही गळून पडली. मत आता अ‍ॅपवरून दिले जाते आणि स्पर्धकाची परिस्थिती, त्याचे अश्रू आणि घरच्यांची भेट यांना गुणांइतके वजन येते. बारामती तालुक्यातून आलेला सूरज चव्हाण २०२४ साली जिंकला, तेव्हा समाजमाध्यमांवरच्या चित्रफितींमुळे त्याचा चाहतावर्ग आधीच तयार होता. गायनाच्या स्पर्धांतही निवडीची पहिली चाळणी अनेकदा मोबाइलवरून पाठवलेल्या चित्रफितीची असते. मात्र २०२१ साली 'लिटल चॅम्प्स' परत आले, तेव्हा परीक्षक म्हणून बसली होती ती २००८-०९च्या पर्वातली तीच पाच मुले, आणि गुण पुन्हा त्यांच्याच हाती होते.