सिकलसेल रोगातील मेंदूचे उपद्रव

सिकलसेल रोगात (दात्रकोशिका पांडुरोग) मेंदूच्या रक्तवाहिन्यांत व ऊतकांत होणारे आणि डॉपलर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाहाचा वेग मोजणारी तपासणी), सीटी किंवा एमआरआय तपासणीत दिसणारे बदल. हीमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने हा आनुवंशिक रोग होतो. हाडे-सांध्यांतील वेदना, कावीळ, पांडुरता ही लक्षणे सर्वपरिचित आहेत.

उगम व जनुकीय गट : जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये शिकागोत या रोगाचे पहिले वैद्यकीय वर्णन प्रसिद्ध केले. भारतातील पहिल्या नोंदी १९५२ च्या. त्यांपैकी निलगिरीतील आदिवासींविषयीची नोंद लेमान व कटबुश यांची. या जनुकाभोवतीच्या गुणसूत्रखंडाच्या ठेवणीवरून बेनिन, बांटू, सेनेगल, कॅमेरून व अरब-भारतीय असे पाच गट मानतात. प्रत्येक गटात उत्परिवर्तन स्वतंत्रपणे घडले, असे मत १९८० च्या दशकापासून रूढ होते. २०१८ मधील संपूर्ण जनुकसंचाच्या विश्लेषणाने ते सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी एकदाच घडले असावे, असा निष्कर्ष काढला. आफ्रिकी गटांपुरता हा निष्कर्ष पटण्याजोगा आहे. भारतीय गटाला तो जसाच्या तसा लावण्यापूर्वी अधिक भारतीय नमुने तपासले जाणे इष्ट.

बेळगाव सीमाभागात या वादाला व्यावहारिक महत्त्व आहे. खानापूर तालुक्याच्या जंगलपट्ट्यात आणि लगतच्या हल्याळ, येल्लापूर भागात सिद्दी समाजाची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज पूर्व आफ्रिकेतून, बहुधा १६ व्या शतकापासून, पोर्तुगीज व अरब व्यापाऱ्यांमार्फत आले. जनुकीय अभ्यासांतही बांटू वंशाचा वाटा दिसतो. भारतातील इतर आदिवासींत मात्र अरब-भारतीय गट आढळतो. त्यात गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनचे प्रमाण अधिक राहते आणि अल्फा थॅलॅसेमियाची (हीमोग्लोबिनची अल्फा साखळी कमी बनण्याच्या आनुवंशिक दोषाची) जोडही अनेकदा असते. म्हणून ‘आपल्याकडचा सिकलसेल सौम्य’ अशी समजूत ओडिशातील जुन्या निरीक्षणांवरून पसरली. विदर्भातील नंतरच्या अनुभवाने तिला छेद दिला आहे. सीमाभागातील मुलाचा रोग सौम्य धरून मेंदूची तपासणी टाळणे प्रस्तुत लेखकाला धोक्याचे वाटते.

विकृती : मेंदूतील बिघाड केवळ विळ्याच्या आकाराच्या झालेल्या तांबड्या रक्तपेशी बारीक केशिकांत अडकल्याने होतो, असे पूर्वी मानत. १९७२ मध्ये वाहिनीचित्रणातून (रक्तवाहिन्यांची चित्रे घेण्याच्या तपासणीतून) मोठ्या धमन्याच अरुंद झालेल्या दिसल्या आणि हे मत बदलले. अंतर्गत ग्रीवा धमनीचे वरचे टोक, तसेच मध्य व अग्र मस्तिष्क धमन्यांचा आरंभ, ही नेहमीची ठिकाणे. रक्तक्षयामुळे वाढलेला प्रवाहवेग, पेशींचे धमनीच्या अस्तराला चिकटणे आणि नायट्रिक ऑक्साइडची घट यांमुळे अस्तर जाड होत जाते. अडथळा वाढला की तळाशी बारीक पर्यायी वाहिन्यांचे जाळे तयार होते. चित्रात ते धुरासारखे दिसते (मोयामोया).

सीमाभागात ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात तो पक्षाघात या रोगात लहान मुलांनाही होतो. अमेरिकेतील १९९८ च्या मोठ्या पाहणीनुसार उपचार न झालेल्या तीव्र प्रकारात (एसएस, म्हणजे दोन्ही पालकांकडून सिकलसेलचे जनुक आलेले) विसाव्या वर्षापर्यंत सुमारे ११ टक्के रुग्णांना तो गाठतो. रक्त चढवणे सुरू न ठेवल्यास बहुसंख्यांत तो पुन्हा होतो. विशी ते तिशीत रक्तस्रावाचा धोका अधिक.

यापेक्षा अधिक आढळतो तो मूक अभिशोष (रक्त न पोचल्याने मेंदूचा छोटा भाग मृत होणे, पण बाहेर लक्षण न दिसणे). एमआरआयच्या फ्लेअर नावाच्या चित्रप्रकारात दोन प्रतलांत दिसणारा, किमान ३ मिमीचा डाग, पण हात-पाय व वाचा शाबूत. बहुधा तो कपाळाकडील खोल श्वेतद्रव्यात, दोन धमन्यांच्या क्षेत्रांच्या सीमेवर असतो, कारण तेथे प्रवाह सर्वांत क्षीण असतो. तीव्र प्रकाराच्या मुलांपैकी सुमारे चतुर्थांशांत तो सहाव्या वर्षापर्यंतच आढळतो. असे मूल पाढे विसरते, वर्गात मागे पडते आणि ‘अभ्यासात लक्ष नाही’ म्हणून मार खाते. दोष मुलाचा नसतो, हे पालकांना व गुरुजींना कोणीतरी सांगायला हवे.

तपासणी : कवटीपार डॉपलरमध्ये कानाच्या वरच्या पातळ हाडातून ध्वनिलहरी सोडून मध्य मस्तिष्क धमनीतील सरासरी वेग मोजतात. १७० सेंमी प्रतिसेकंदाखालील वेग सामान्य, १७० ते १९९ सीमारेषेवरचा, २०० व अधिक धोक्याचा. चित्रासह डॉपलर करणाऱ्या यंत्रावर वेग थोडा कमी भरतो; तेथे धोक्याची मर्यादा सुमारे १८५ धरतात. अहवालात यंत्राचा प्रकार नसेल तर आकड्याचा अर्थ लावता येत नाही. मूल जागे व शांत हवे. झोप, रडणे, ताप किंवा नुकतेच चढवलेले रक्त यांनी वेग बदलतो. २ ते १६ वर्षे वयात ही तपासणी दरवर्षी करावी. ‘स्टॉप’ चाचणीत (१९९८) धोक्याचा वेग असलेल्या १३० मुलांपैकी ज्यांना नियमित रक्त दिले त्यांच्यात पक्षाघात ९२ टक्क्यांनी घटला. वर्षभर रक्त दिल्यानंतर, धमन्या फार अरुंद नसल्यास, हायड्रॉक्सीयुरिया हे औषध तितकेच उपयोगी ठरते, हे २०१६ मध्ये दिसले.

ताज्या पक्षाघातात सीटी रक्तस्राव ओळखते, पण पहिल्या तासांत अभिशोष निसटू शकतो. विसरण एमआरआय (ऊतकातील पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारा प्रकार) तो लवकर दाखवते. एमआरआय वाहिनीचित्रणात खळाळत्या प्रवाहामुळे धमनी आहे त्याहून अरुंद भासते. कवटीची हाडे जाड होणे, धमनीविस्फार (धमनीला फुगा येणे), शिरागुहेतील (मेंदूभोवतीच्या मोठ्या शिरेतील) गुठळी व अस्थिमज्जेतील मेदकणांनी होणारे सूक्ष्म रक्तस्राव हे इतर निष्कर्ष.

सीमाभागातील सोय : रक्ततपासणीसाठी १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत कर्नाटकाचा समावेश आहे. एमआरआयसाठी खानापूर-निपाणीकडील रुग्ण बेळगाव, कोल्हापूर, मिरज किंवा हुबळी गाठतात. त्यामानाने डॉपलर स्वस्त. त्यात भूल, किरणे किंवा सुई लागत नाही. रक्तात सिकलसेलचा तीव्र प्रकार निघालेल्या मुलाला दोन वर्षे पूर्ण होताच ते करून घ्यावे.