नोटा दाबल्याने खुर्ची रिकामी होत नाही

इंदुरात 2024 च्या लोकसभेला 2,18,674 मतं नोटाला, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' या बटणाला पडली. देशातला तोवरचा विक्रम. तेव्हापासून रामबागेत किंवा लोकमान्य नगरात चार माणसं जमली की एक तरी जण ठामपणे सांगतो, "आणखी दहा लाखांनी नोटा दाबला असता ना, तर निवडणूकच रद्द झाली असती."

नसती झाली. तेरा लाख नोटा पडले असते आणि निवडून आलेल्या उमेदवाराला शंभर मतं असती, तरी तोच खासदार झाला असता.

हा घोळ का होतो, ते कळण्यासारखं आहे. मध्य प्रदेशात मतदाराच्या नकाराला खरोखरच दात असलेली एक तरतूद आहे, तिला सगळे 'खाली कुर्सी, भरी कुर्सी' (रिकामी खुर्ची, भरलेली खुर्ची) म्हणतात. नोटा आणि ती, दोन्हींत "हा नको" म्हणायची सोय, त्यामुळे डोक्यात दोन्ही एकत्र होतात. पण एकाचा नकार फक्त मोजला जातो आणि दुसऱ्याचा अमलात येतो.

आधी नोटा. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 27 सप्टेंबर 2013 चा. त्याआधी कुणालाच मत द्यायचं नसेल तर नियम 49-ओ होता: केंद्राध्यक्षाला तसं सांगायचं, तो नोंदवहीत शेरा मारणार, खाली आपण सही करायची. म्हणजे खोलीतल्या सगळ्या पोलिंग एजंटांना कळलं की हे गृहस्थ रुसले आहेत. न्यायालयाला खटकलं ते हेच. मत देणाऱ्याला गुप्तता, मग न देणाऱ्याला का नाही? म्हणून यंत्रावर बटण आलं, आणि त्याच वर्षी ज्या पाच राज्यांत ते पहिल्यांदा वापरलं गेलं त्यांत आपलं मध्य प्रदेशही होतं. थोडक्यात, नोटाचा जन्म गुप्ततेच्या प्रश्नातून झाला. उमेदवाराला घरी पाठवायचं काम त्याला कुणी दिलंच नव्हतं.

इंदूरच्या निकालपत्रात हे डोळ्यांना दिसतं. काँग्रेसच्या उमेदवाराने 29 एप्रिलला अर्ज मागे घेतला, तरी रिंगणात 14 जण उरले. पंधरावं बटण नोटाचं. निवडून आलेल्या भाजपच्या शंकर लालवानींना 12,26,751 मतं. त्यांचं मताधिक्य अधिकृतपणे 11,75,092, आणि ते मोजलंय बसपच्या उमेदवारापासून, ज्याला 51,659 मतं होती. मध्ये उभे असलेले सव्वादोन लाखांच्या आसपास नोटावाले हिशेबात नाहीतच. अनामत जप्त होते की नाही हे ठरवतानाही वैध मतांत नोटा धरत नाहीत. (गंमत म्हणजे याआधीचा नोटाचा विक्रम बिहारच्या गोपाळगंजचा, 2019 सालचा: 51,660. आमच्याकडच्या दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारापेक्षा बरोबर एक मत जास्त.)

मग ही मतं कुणाची? मला तरी यात निव्वळ उमेदवारांवरचा वैताग दिसत नाही. काँग्रेसने उघडपणे नोटाचा प्रचार केला होता, त्यामुळे बऱ्याच जणांसाठी ते पक्षाचंच बटण झालं. भाजपची नेहमीची मंडळीही थोडी चिडली असावीत, कारण काही सुशिक्षित मतदार आता नोटा दाबू म्हणतायत, असं खुद्द भाजपच्या इथल्या माजी खासदार सुमित्राताई महाजनांनी जाहीरपणे सांगितलं होतं. पण 2019 ला काँग्रेसला इथे 5,20,815 मतं होती. नोटा त्याच्या निम्म्यापर्यंतही पोचला नाही, आणि मतदान 69 टक्क्यांवरून 62 च्या आसपास उतरलं. ज्याचा परिणाम शून्य ते बटण दाबायला मे महिन्याच्या उन्हात रांग कोण लावणार? जे गेले त्यांच्या बोटाला शाई मात्र तीच लागली, आणि छप्पन दुकान या आमच्या खाऊगल्लीत सकाळी लवकर मत देणाऱ्यांना फुकट मिळालेले पोहे-जिलेबी खाताना कुणी विचारलं नाही की बटण कुठलं दाबलं.

आता खाली कुर्सी. ही तरतूद नगरपालिका कायद्याच्या कलम 47 मधली, थेट निवडून आलेल्या अध्यक्षाला मुदतीआधी परत बोलावण्याची. मतदारापुढे उमेदवारांची यादी नसते, फक्त दोन चित्रं: एक रिकामी खुर्ची, एक माणूस बसलेली. निम्म्याहून जास्त मतं रिकाम्या खुर्चीला पडली की अध्यक्ष गेला. 2001 मध्ये अनूपपूरच्या अध्यक्षांना लोकांनी असंच घरी पाठवलं.

इथे मतदार वेगळा वागतो. लोकसभेला "हा नको" म्हटलं तरी "मग कोण?" हा प्रश्न मानगुटीवर असतो, म्हणून अनेक जण नाक मुरडत का होईना, कुणाला तरी मत देऊन येतात. दोन चित्रांच्या निवडणुकीत तो प्रश्नच नाही. नळाला पाणी आलं का, नाली साफ झाली का, एवढ्यावर हिशेब चुकता करता येतो.

पण लोकांनी मनात आणलं आणि खुर्ची रिकामी केली, असंही नाही. दार उघडायची किल्ली पार्षदांकडे, म्हणजे नगरसेवकांकडे. निवडून आलेल्या पार्षदांपैकी तीन चतुर्थांश जणांच्या सह्या कलेक्टरकडे गेल्या तरच मतदानाची वेळ येते. त्यामुळे बऱ्याचदा सुरुवात पार्षद आणि अध्यक्ष यांच्यातल्या भांडणाने होते आणि जनतेला त्यात पंच म्हणून बोलावलं जातं. नोटाला कुणाची सही लागत नाही, हे त्याच्या बाजूने मान्यच करायला हवं.

शिवाय ही सोय अध्यक्ष थेट जनतेतून येतो तिथेच शोभते. 2022 मध्ये नगरपालिकांचे अध्यक्ष पार्षदांनी निवडले, आणि ज्याला लोकांनी बसवलंच नाही त्याला लोकांनी उठवायचं कसं? मग उरतो पार्षदांचा अविश्वास ठराव, सभागृहातल्या सभागृहात.

खासदार-आमदारांसाठी तर अशी तरतूदच नाही. आणि त्यांच्या निवडणुकीत नोटा तरी असेलच असं समजू नका. त्याच 2024 मध्ये सुरतला एक सोडून सगळे उमेदवार बाद झाले किंवा बाजूला झाले. उरलेला उमेदवार 22 एप्रिललाच बिनविरोध खासदार झाला. मतदान नाही, यंत्र नाही, म्हणून नोटाही नाही. इंदुरात तेरा जण मागे हटले नाहीत, म्हणून निदान बटण तरी लागलं.