लाटांवरचा काइट : ओढ संपली की तो काय करतो?

सोलापुरातून समुद्र गाठायचा तर रस्त्याने तीनशे किलोमीटरांहून जास्त अंतर कापावं लागतं. तरीही काइटसर्फिंगचा, म्हणजे काइट नावाच्या मोठ्या पतंगाच्या ओढीने फळीवरून पाणी कापत जाण्याचा, नाद लागलेली पोरं आपल्याकडेही आहेत. सुट्टी जोडून गोव्याच्या मोरजी-आश्वे किनाऱ्यावर किंवा थेट रामेश्वरमला जातात आणि शिकून येतात. माझा भाचा त्यांतलाच. गेल्या उन्हाळ्यात त्याने कुणाचा तरी वापरलेला ९ चौरस मीटरचा काइट विकत घेतला, घरी आणून अंगणात पसरला आणि विचारलं, "मामा, हा लाटांत चालंल का?"

सपाट पाण्यावर चालणारा प्रत्येक काइट लाटांत चालतोच असं नाही, त्यामुळे प्रश्न रास्त होता. काइट घेताना बहुतेकांचं लक्ष तो किती जोरात ओढतो याकडे असतं. लाटांसाठी मला त्याहून मोलाचा वाटतो तो दुसराच गुण : दोऱ्या सैल पडल्यावर, म्हणजे ओढ जवळजवळ संपल्यावर, काइट हवेत कसा वागतो. हे कशामुळे, ते थोडं हिशेबानेच पाहू.

रचना साधी आहे. पायाखाली फळी, कमरेला हार्नेस नावाचा रुंद पट्टा, हातात आडवा बार आणि बारपासून काइटपर्यंत साधारण २० ते २४ मीटर लांबीच्या चार दोऱ्या. पुढच्या दोन दोऱ्या हार्नेसला अडकवलेल्या असतात आणि बहुतेक भार त्याच घेतात. मागच्या दोन बारच्या टोकांना असतात. बार जवळ ओढला की काइटची मागची कड खाली येते, वाऱ्याशी होणारा कोन वाढतो आणि ओढ वाढते. बार लांब ढकलला की कोन कमी होतो, ओढ उतरते. एका बाजूने ओढला की काइट त्या बाजूला वळतो.

वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. १२ नॉटचा (एक नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किलोमीटर) वारा २४ नॉट झाला तर ओढ दुप्पट नव्हे, चौपट होते. म्हणून वारा वाढला की काइट लहान घ्यायचा. एक ढोबळ हिशेब प्रचलित आहे : वजनाच्या किलोंना २.२ ने गुणायचं आणि वाऱ्याच्या नॉटने भागायचं, म्हणजे काइटचं क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये मिळतं. ७५ किलोच्या माणसाला २० नॉट वाऱ्यात सव्वाआठ, म्हणजे ८ किंवा ९ चा काइट. सपाट पाण्यावर हे पुरेसं आहे. लाट आली की मात्र गणित फिरतं, कारण आता माणसाला वारा एकटा ढकलत नाही, लाटही ढकलते.

किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. खोली आणि गुरुत्वाकर्षणाचा त्वरण यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ काढलं की वेग मिळतो. लाटेची उंची खोलीच्या साधारण पाऊणपटीवर गेली की ती फुटते. दीड मीटर उंचीची लाट सुमारे १.९ मीटर खोलीवर फुटेल आणि तिथे तिचा वेग असेल सेकंदाला ४.३ मीटर. आता समजा वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे २० नॉटने, म्हणजे सेकंदाला १०.३ मीटरने वाहतोय, आणि भाचा त्या लाटेबरोबर सरळ किनाऱ्याकडे निघालाय. काइटही त्याच्याबरोबर त्याच दिशेने सरकतोय. मग काइटला लागणारा वारा उरला १०.३ वजा ४.३, म्हणजे सेकंदाला ६ मीटर. वेग निम्म्याहून थोडा जास्तच राहिला, पण ओढ वर्गाने मोजायची असते. ती उरली मूळच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी.

आणि लाटेच्या उतारावरून घसरणारा माणूस लाटेपेक्षा वेगाने जातो. त्यातलाच मजेचा भाग तो. काइटच्या दिशेने त्याचा वेग सेकंदाला ८ मीटर झाला तर काइटसाठी वारा उरतो सव्वादोन-अडीच मीटरचा. ९ चौरस मीटरच्या काइटचं वजन साधारण ३ किलो असतं. एवढं वजन हवेत तोलून धरायला, माझ्या अंदाजी हिशेबाने, सेकंदाला पावणेतीन मीटरच्या आसपास वारा लागतो. म्हणजे ऐन मजेच्या क्षणी काइटकडे स्वतःचं वजन पेलण्याइतकाही वारा नसतो. दोऱ्या सैल पडतात. पुढचे दोन-तीन सेकंद काइट काय करतो, यावर सगळं अवलंबून.

गच्चीवर पतंग उडवणाऱ्या कुणालाही हा क्षण ओळखीचा आहे. ढील दिली की नीट कण्णी बांधलेला पतंग पोटावर वारा घेत मागे तरंगत जातो आणि मांजा ताणला की पुन्हा उभा राहतो. दुसरा पतंग ढील मिळताच नाक खाली घालून गोता खातो. काइटचंही हेच आहे. फरक इतकाच की इथे ढील हाताने द्यावी लागत नाही, लाट देते.

कुठला काइट तरंगेल आणि कुठला गोता खाईल, हे बऱ्याच अंशी त्याच्या आकारावर ठरतं. वाऱ्यामुळे काइटवर दोन बळं येतात : उचलणारं आणि मागे लोटणारं. वजन बाजूला ठेवलं तर या दोहोंच्या गुणोत्तरावरून काइट डोक्यावर किती पुढे येऊन स्थिरावेल ते निघतं. उचलणारं बळ लोटणाऱ्याच्या चौपट असेल तर दोऱ्या जमिनीशी सुमारे ७६ अंशांचा कोन करतात; आठपट असेल तर ८३ अंशांचा. लांबट, अरुंद काइटचं गुणोत्तर जास्त असतं. उंच उड्या मारायला आणि वाऱ्याच्या विरुद्ध चढायला तो उत्तम, पण तो जवळजवळ डोक्यावर येऊन थांबतो. दोऱ्या सैल पडल्या की आपल्याच वेगाने डोक्यावरून पुढे सटकतो, हवेने भरलेली जड पुढची नळी खाली झुकते आणि काइट पाण्यात कोसळतो. पेटून कोसळलेल्या त्याच नावाच्या जर्मन वायुनौकेवरून काइटसर्फर या कोसळण्याला 'हिंडनबर्ग' म्हणतात. आखूड, रुंद काइट वाऱ्याच्या बाजूला जरा मागे राहतो. सैल पडला तर वारा त्याला आणखी मागे लोटतो आणि त्या लोटण्यानेच दोऱ्या पुन्हा ताणल्या जातात. या गुणाला 'ड्रिफ्ट' म्हणतात. लाटांसाठी काइट निवडताना मी सगळ्यात आधी तोच पाहीन.

दुसरं, वजन. हवा भरलेल्या पुढच्या नळीपासून मागच्या कडेपर्यंत ज्या आडव्या नळ्या जातात त्यांना स्ट्रट म्हणतात. उंच उड्यांच्या बऱ्याच काइटला पाच असतात, लाटांच्या काइटला बहुधा तीनच. एका स्ट्रटचेही मिळतात. नळ्या कमी म्हणजे वजन कमी, आणि वजन कमी म्हणजे कमी वाऱ्यात तरंगण्याची ताकद जास्त. मोबदल्यात जोराच्या वाऱ्यात कापड फडफडतं आणि आकार थोडा बिघडतो. मला तीन स्ट्रटचा सौदा योग्य वाटतो.

वळण्याच्या वेगाबद्दल फार लिहीत नाही. लाट डावीकडे फुटेल की उजवीकडे हे ऐनवेळी कळतं, काइटला झटकन बाजू बदलता आली पाहिजे, आणि लहान काइट मोठ्यापेक्षा चपळ असतो. म्हणून हिशेबाने ९ येत असेल तर लाटांत बरेच जण ८ किंवा ७ घेतात. ओढीची तूट लाट भरून काढते.

हवेने फुगवलेली ही नळी आली कुठून? फ्रान्समधल्या ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पाण्यात पडलेला साधा पतंग भिजून निकामी होतो. यांना पडला तरी तरंगणारा आणि पुन्हा उडणारा पतंग हवा होता. १९९०च्या दशकात त्यांचे काइट 'विपिका' नावाने बाजारात आले आणि खेळ जगभर पसरला. लाटांत या शोधाची किंमत जास्त कळते. पडलेल्या काइटवर पुढची लाट आदळणार असते, आणि एक घनमीटर समुद्राचं पाणी हजार किलोंहून जड. तेवढा भार नळीवर पडण्याआधी काइट उचलता आलाच पाहिजे.

आता अंगणातल्या त्या काइटकडे. समुद्र नसला तरी सोलापुरात बसून निम्मी परीक्षा घेता येते, आणि कापडाची परीक्षा तर कदाचित इथेच सगळ्यात चांगली होते. आमच्या शेजारी यंत्रमागावर आयुष्य काढलेले एक काका राहतात. त्यांनी कापड आधी उभ्या धाग्याच्या दिशेने ओढलं, मग आडव्या. हललं नाही. मग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून कोपऱ्यातून कोपऱ्याकडे ओढलं, आणि भाच्याला म्हणाले, "हे बघ बे, तिरकं किती जातंय." काइटचं कापड पॉलिएस्टरचं रिपस्टॉप असतं : बारीक धाग्यांच्या विणीत ठरावीक अंतरावर जाड धागा घालून चौकटी केलेल्या असतात, म्हणजे भोक पडलं तरी फाट चौकटीपाशी अडते. कुठलंही विणलेलं कापड ताणा-बाण्याच्या दिशेला ताठ आणि तिरक्या दिशेला ढिलं असतं. नव्या काइटमध्ये हा तिरका ढिलेपणा राळेच्या लेपाने रोखलेला असतो. ऊन, मीठ आणि फडफड यांनी लेप झिजला की धागे एकमेकांवरून सरकू लागतात, ताणाखाली पोट फुगतं आणि काइट कारखान्यात आखलेल्या आकाराचा राहत नाही. काकांनी मधल्या भागाला ओठ लावून फुंकरही मारली. हवा पलीकडे गेली नाही. मागच्या कडेजवळ थोडी गेली. सर्वाधिक फडफड तिथेच होते, त्यामुळे काइट वापरातला आहे, मेलेला नाही, असा आमचा निष्कर्ष.

हवेच्या गळतीची परीक्षा करताना सोलापूरकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काइटमध्ये साधारण ६ ते ७ पीएसआय (चौरस इंचाला पौंड) दाब भरतात आणि रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा मोजतात. मे महिन्यात दुपारी ४० अंशांत साडेसहा पीएसआय भरला आणि पहाटे २५ अंशांत मोजला, तर एक थेंबभर हवा न गळताही काटा साडेपाचवर आलेला दिसेल. कारण दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात घटतो. इथली बाहेरची हवा सुमारे १४ पीएसआय, त्यात भरलेली साडेसहा, मिळून वीस-साडेवीस. पंधरा अंशांच्या उतारानं त्यातला सुमारे पाच टक्के, म्हणजे एक पीएसआय जातो. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, तेवढ्याच तापमानाला मोजावं. तरीही काटा उतरलेला दिसला तर व्हॉल्व्हवर आणि शिवणींवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधावेत. काइट मात्र सावलीत ठेवावा. आपलं ऊन पॉलिएस्टरला फार लवकर खातं.

मग दोऱ्या. या डायनीमा नावाच्या कृत्रिम धाग्याच्या असतात, पाण्यावर तरंगतात, ताकद जबरदस्त, पण सततच्या भाराखाली हळूहळू लांबतात. पुढच्या दोऱ्यांवर भार जास्त, म्हणून त्या जास्त लांबतात. चारही टोकं झाडाच्या बुंध्याला एका उंचीवर बांधायची, बार ओढून सरळ धरायचा आणि फरक पाहायचा. भाच्याच्या दोऱ्यांत पुढची जोडी लांब निघाली. फरक ५ सेंटिमीटरचा असेल तर एवढ्या काइटचा वाऱ्याशी होणारा कोन दोनेक अंशांनी बदलतो. मागच्या दोऱ्या तुलनेने आखूड पडतात, काइट कायम ओढलेल्या स्थितीत राहतो, जड होतो आणि मागच्या मागे खाली बसतो. बऱ्याचदा लोक काइटला नावं ठेवतात आणि दोष दोरीत असतो. मागच्या दोरीच्या जोडावरची गाठ एक घर पुढे सरकवली की काम भागतं.

उडवून पाहण्याचा मोह आषाढातल्या वाऱ्यात होतोच. पण पूर्ण आकाराचा काइट आपल्या माळावर उडवू नये. मुरूम आणि दगडांवर नळी घासली की संपली, आणि विजेच्या तारा कुठे नाहीत! शिवाय जमिनीवरचा वारा झाडं, घरं आणि तापलेली माती यांनी घुसळलेला असतो. काइट डगमगला तर दोष त्याचा की वाऱ्याचा, हे ठरवता येत नाही. हात बसवायला दोन-तीन चौरस मीटरचा सरावाचा काइट मोकळ्या रानात चालतो. साडेचारशे मीटर उंचीवर हवा थोडी विरळ असल्याने तो किनाऱ्यापेक्षा चार-पाच टक्के कमी ओढेल, तेवढंच.

बाकीची परीक्षा समुद्रावर, आणि तीही आधी लाटा नसलेल्या ठिकाणी, प्रशिक्षक बरोबर असताना. काइट बाजूला, साधारण ४५ अंशांवर धरायचा, बार लांब सोडायचा आणि कमरेएवढ्या पाण्यात काइटच्या दिशेने झपझप चालत जायचं. दोऱ्यांना झोळ पडला की पाहायचं : काइट मागे सरकून वाट पाहतो की पुढे येऊन नाक टाकतो? वेगवेगळ्या उंचीवर धरून हे करावं. मग काइट मुद्दाम पाण्यात पाडायचा आणि मागची एक दोरी ओढून तो कडेला लोळत किती पटकन उठतो ते बघायचं. बार पूर्ण सोडून दिल्यावर ओढ खरोखर जाते का, तेही पाहायचं, कारण अंगावर फेस कोसळला की माणूस आधी बारच सोडतो.

राहिली सुटका-यंत्रणा, म्हणजे संकटात काइट अंगापासून झटक्यात सोडवणारं बारवरचं कुलूप. काइटसर्फिंगच्या या कुलपासाठी आयएसओ २१८५३ हे मानक २०२० मध्ये आलं आहे. त्याआधीच्या जुन्या बारवर विसंबू नये. काइटची ओढ अंगावर असताना, एका हाताने, डोळे मिटून ते सोडून पाहावं. वाळूचा कण अडकून ते घट्ट झालं असेल तर गोड्या पाण्याने धुऊन पुन्हा सोडावं, आणि तरीही अडत असेल तर काइट कितीही चांगला असो, तो बार बदलावा. भाच्याने काइट ठेवला आणि बार नवा घेतला.