पिन निघत नसेल तर घन खाली ठेवा

जुन्या ट्रॅक्टरचा लोडर, म्हणजे माती-खत उचलायला पुढे जोडलेला बकेटचा सांगाडा, उतरवायचा म्हटलं की गॅरेजमध्ये आधी घन शोधला जातो. पिना ठोकायच्या, होज (तेलाच्या नळ्या) सोडायचे, ट्रॅक्टर मागे घ्यायचा, झालं! बहुतेक वेळा होतंही तसंच. जेव्हा अपघात होतो तेव्हा मात्र कारण बहुधा एकच निघतं: इंजिन बंद होतं, पण यंत्रात कोंडलेला जोर तसाच होता.

कांदिवलीत 1960 च्या दशकात बनू लागलेला महिंद्राचा बी-275 घ्या किंवा त्याच पिढीतला दुसरा कुठलाही ट्रॅक्टर. त्याच्यावरचा लोडर बहुधा नंतर कुठल्या तरी वर्कशॉपमध्ये चॅनल आणि पत्रा जोडून बसवलेला असतो. त्याचं माहितीपुस्तक नसतं. कुठला बोल्ट कशासाठी आहे हे बसवणाऱ्यालाच ठाऊक असतं, आणि तो आता सापडत नाही. अशा वेळी भौतिकशास्त्राचाच आधार घ्यावा लागतो.

सुरुवात तेलापासून करू, कारण लोडर तेलाच्या दाबावरच उचलला जातो. 50 मिलिमीटर व्यासाच्या सिलेंडरात दट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे 20 चौरस सेंटिमीटर भरतं. तेलाचा दाब 150 बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 150 किलो, असला तर तो दट्ट्या जवळजवळ तीन टनांचा रेटा देतो. इंजिन बंद केल्यावर पंप थांबतो, पण व्हॉल्व मिटलेला असल्याने सिलेंडरातलं तेल तिथंच अडकून राहतं. बकेट धरणारे, वर उचललेले आर्म हवेत राहतात ते फक्त या कोंडलेल्या तेलाच्या जिवावर. आर्म आणि बकेट मिळून 400 किलो धरले आणि ते दीड मीटर उंचीवर असले, तर मोकळे सुटल्यावर साधारण अर्ध्या सेकंदात जमिनीवर येतात. होज फुटला तर तेलाला बाहेर पडायला थोडा वेळ लागतो, म्हणून पडणं जरा मंदावतं. त्या भरवशावर आर्मखाली कुणी वाकू नये.

म्हणून पहिलं काम बकेट जमिनीवर सपाट टेकवण्याचं. मग इंजिन बंद करायचं आणि लोडरचा लिव्हर दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा हलवायचा. अनेकजण ही पायरी गाळतात. बकेट टेकली म्हणजे दाब गेला असं त्यांना वाटतं, पण बकेट उलटी करणाऱ्या सिलेंडरात तो शिल्लक असू शकतो. होजची जोडणी सोडताना आधी अर्धा आटा ढिला करून थांबावं. तेल नुसतं झिरपलं तर ठीक. फवारा आला तर पुन्हा आवळून दाब कुठं अडलाय ते शोधावं.

गळती हाताने चाचपू नये, हे कितीदा सांगितलं तरी कमीच. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून दाबाखाली निघालेली तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. वर फक्त ठिपका दिसतो, सुरुवातीला दुखतही नाही, आणि माणूस हात पुसून पुन्हा कामाला लागतो. आत मात्र तेल पेशी नासवत जातं. शस्त्रक्रिया करून ते काढावं लागतं, तीही काही तासांत, नाहीतर बोट किंवा हात गमवायची वेळ येते. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.

आता पिन. ज्या पिनेवर भार नाही ती स्वच्छ आणि ग्रीस केलेली असेल तर हाताने फिरते. समजा तिच्यावर 300 किलोचा भार आहे. ग्रीस असतानाही घर्षणांक 0.15 च्या आसपास असतो आणि पिन मधल्या डोळ्यात (एका भागाच्या भोकात) आणि बाहेरच्या कानांत (दुसऱ्या भागाच्या दोन पट्ट्यांच्या भोकांत) अशी दोन्हीकडे घासते. ती सरकवायला 90 किलोच्या आसपास जोर लागेल, आणि कोरडी असेल तर त्याच्या कित्येक पट. म्हणजे घन मागणारी पिन आपल्याला काहीतरी सांगत असते: एक तर ती गंजली आहे, नाहीतर तिच्यावर भार आहे. यातलं काय आहे ते पाहायला आर्मखाली जॅक लावून तो किंचित वर-खाली करावा. एखाद्या जागी पिन मोकळी झाली तर तिच्यावर भार होता. कुठंच हलली नाही तर गंज समजावा, आणि गंज सोडवणारं तेल मारून ती रात्रभर तशीच राहू द्यावी. भाराखालची पिन ठोकून काढली की तो भार त्याच क्षणी मोकळा होतो, आणि ठोकणारा नेमका त्याच्या वाटेत उभा असतो.

गंजलेल्या पिनेला गॅसची ज्योत दाखवायची सवय अनेक वेल्डरांना असते. सिलेंडरच्या पिनेबाबत ती जीवघेणी ठरू शकते. बंद जागेतलं तेल तापलं तर एका अंशामागे दाब सुमारे 10 बारने चढतो, कारण तेल फुगतं आणि दाबलं फारसं जात नाही. होज थोडा ताणून त्यातलं काही सोसतो, पण ज्योतीसमोर किती सोसेल? होज फुटून तेलाचं धुकं उडालं आणि ज्योत शेजारीच असली, तर पुढचं सांगायला नको.

बोल्टांचीही एक गंमत आहे. 1917 च्या फोर्डसनपासून बहुतेक ट्रॅक्टरांना वेगळी चासी नाही. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस हे बिडाचे ठोकळे एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात, तीच चासी. लोडरची फ्रेम बसवताना याच जोडांतले मूळ बोल्ट काढून लांब बोल्ट घातलेले असू शकतात. ते सगळे एकदम काढले तर ट्रॅक्टरच कमरेत उघडू शकतो. एकेक काढावा आणि त्या जागी लगेच मूळ लांबीचा बसवावा. लांब बोल्ट परत घातला तर तो भोकाच्या तळाला टेकतो, आणि आवळत राहिलं की बीड तडकतं.

उतरवलेला लोडर कशावर उभा राहणार, हेही आधी पाहावं लागतं. पाच बाय पाच सेंटिमीटरच्या पायावर 200 किलो आले तर दर चौरस सेंटिमीटरला 8 किलो होतात. ओल्या काळ्या जमिनीला ते पेलत नाही, पाय खचतो आणि लोडर कलंडतो. खाली जाड फळी घातली की तोच भार पसरतो. टेकू लाकडी ओंडक्यांचाच द्यावा. लाकूड मोडण्याआधी करकरतं, वीट कसलीही सूचना न देता फुटते.

चाकांना ओट, म्हणजे ती सरकू नयेत म्हणून अडसर, लावणं हा नुसता उपचार नव्हे. दोन चाकांच्या ओढीच्या जुन्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागे असतात. पुढच्या आसाच्या 60 सेंटिमीटर पुढं भारकेंद्र असलेला 400 किलोचा लोडर पुढच्या आसावर सव्वापाचशे किलो टाकतो आणि मागचा आस सव्वाशे किलोंनी हलका करतो. म्हणजे ब्रेकची चाकंच हलकी होतात. मागे वजनाची पेटी असेल तर ती लोडर निघेपर्यंत काढू नये. लोडर निघाल्यावर मात्र ती उतरवूनच ट्रॅक्टर चढावर न्यावा. आता हलकं झालेलं पुढचं टोक उचललं जाऊ शकतं.

लोडरचा व्हॉल्व पंपाच्या वाटेत जोडलेला असेल तर पंपाचा आणि परतीचा होज एकमेकांना जोडूनच इंजिन सुरू करावं. गिअर पंपाला थांबणं माहीत नाही. वाट बंद असली तरी तो तेल ढकलतोच, आणि जादा दाब सोडून देणारा रिलीफ व्हॉल्व नसला किंवा अडकला तर काहीतरी फुटतं.

काही महिन्यांनी लोडर पुन्हा चढवताना कपलर (होज जोडायचा सांधा) बसेना झाला, तर दोष कपलरचा असेलच असं नाही. उन्हात पडलेल्या सिलेंडरातलं तेल फुगून दाब चढलेला असतो. त्यावर सावली करून ते गार होऊ द्यावं आणि मग पुन्हा लावून पाहावं.