आती-आती : जानेवारीतल्या फिलिपिनी सणांची पार्श्वभूमी

जानेवारीचा तिसरा रविवार जवळ आला की आखातात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या फोनवर फिलिपिनो सहकाऱ्यांचे व्हिडिओ येऊ लागतात. तोंडाला काजळी फासलेली माणसं, कानठळ्या बसवणारे ढोल, पिसांचे भले थोरले मुकुट आणि या सगळ्या गर्दीत कुणीतरी लेकरासारखी छातीशी धरलेली लाल झग्यातली बाळ येशूची मूर्ती. सोबत बहुतेक वेळा एक ओळ असते : हा उत्सव आठशे वर्षांचा आहे. आता बाळ येशू त्या बेटांवर पोचला १५२१ साली. मग आधीची तीनशे वर्षं कुणाची?

सण तीन. पानाय बेटावरच्या कालिबो गावचा आती-आतिहान आणि सेबू शहराचा सिनुलोग, हे एकाच रविवारी. त्याच पानाय बेटावरच्या इलोइलो शहराचा दिनाग्यांग त्याच्या पुढच्या रविवारी. तिन्हींचा देव एकच, सांतो निन्यो, म्हणजे बाळ येशू. (गोव्यात कोलव्याच्या मेनिन जेजूचं फेस्त पाहिलेल्यांना बाळरूपाच्या या भक्तीची ओळख वेगळी करून द्यायला नको. आपल्याकडचं फेस्त आणि तिकडचं पिस्ता हे शब्दही चुलतभाऊच.)

मूर्तीची गोष्ट थोडक्यात अशी. मॅगेलन या दर्यावर्दीच्या स्पॅनिश तांड्यानं १५२१च्या एप्रिलमध्ये सेबूच्या राजाच्या कुटुंबाला बाप्तिस्मा दिला आणि राणीला ही जेमतेम फूटभर उंचीची लाकडी मूर्ती भेट दिली. दोन आठवड्यांत मॅगेलन समोरच्याच माक्तान बेटावर मारला गेला. सेबूला पुन्हा स्पॅनिश तांडा आला तो १५६५ साली, त्यांनी वस्ती जाळली आणि २८ एप्रिलला एका जळक्या घरातल्या पेटीत त्यांना ती मूर्ती मिळाली. मधल्या ४४ वर्षांत तिथल्या लोकांनी तिचं काय केलं, यावर बरंच लिहिलं गेलं आहे आणि त्यात अंदाजच जास्त. सापडण्याचा दिवस ईस्टरच्या काळात येतो म्हणून अठराव्या शतकात सण जानेवारीत हलवला गेला.

आता तो शब्द. ‘आती’ हे पानायवरच्या मूळ रहिवाशांचं नाव : काळा वर्ण, कुरळे केस, लहान चण. नाम दोनदा म्हणायचं आणि शेवटी प्रत्यय लावायचा, ही फिलिपिनी भाषांमधली खेळाची रचना. टागालोगमध्ये ‘बाहाय’ म्हणजे घर आणि ‘बाहाय-बाहायान’ म्हणजे आपल्या पोरांचं घर-घर. त्या हिशेबानं आती-आतिहान म्हणजे सरळ ‘आती-आती खेळणं’. पर्यटनाची माहितीपत्रकं याचं भाषांतर ‘आतींसारखं होणं’ असं गंभीर करतात, पण शब्दात मुळात सोंग आहे. आणि सोंग म्हटलं की दोन प्रश्न येतातच : कुणी घेतलं आणि कुणाचं घेतलं.

‘कुणी’ याचं ठरलेलं उत्तर एका कथेत आहे. बोर्निओतल्या जुलमी राजाला कंटाळून दहा दातू, म्हणजे सरदार, नावांतून पानायला आले. आतींच्या प्रमुखाकडून त्यांनी सखल जमीन विकत घेतली. मोल म्हणून एक सोन्याची टोपी दिली आणि प्रमुखाच्या बायकोनं हट्ट धरला म्हणून एक लांबलचक सोन्याचा हार. आती डोंगरात गेले. पुढे एका वर्षी डोंगरात अन्नाचे हाल झाले, ते खाली आले, नव्या लोकांनी त्यांना धान्य दिलं, आनंदानं सगळे नाचले आणि पाहुण्यांचा मान म्हणून यजमानांनी तोंडाला काजळी फासली. तेराव्या शतकातला हा प्रसंग, असं सांगतात. आठशे वर्षांचा आकडा येतो तो इथून.

ही कथा छापील स्वरूपात सर्वदूर गेली ती १९०७ साली निघालेल्या ‘मारागतास’ या पुस्तकामुळे. लेखक स्थानिक, भाषा स्थानिक. शाळेच्या पुस्तकांनी ती इतिहास म्हणून उचलली आणि दोन पिढ्या तीच शिकल्या. १९६८ साली मनिलातल्या एका विद्यापीठात सादर झालेल्या प्रबंधानं स्पेनपूर्व इतिहासाची साधनं एकेक करून तपासली, आणि निष्कर्ष असा निघाला की मारागतासला लोकपरंपरा म्हणता येईल, पण तो स्पेनपूर्व काळातला दस्तऐवज नव्हे. याच प्रबंधानं कालांतियाव राजाची १४३३ सालची म्हणून मिरवली जाणारी दंडसंहिताही बनावट ठरवली. तो राजाही नेमका आकलानचा, म्हणजे कालिबो ज्यात येतं त्याच प्रांतातला मानलेला. बातान गावी त्याचं स्मारक होतं. त्या संहितेला आधार नाही हे राष्ट्रीय पातळीवरच्या इतिहासविषयक संस्थेनं अधिकृतपणे सांगायला २००४ साल उजाडलं.

मला यात लबाडीपेक्षा गरज जास्त दिसते. आकलान हा प्रांत म्हणून वेगळा झालाच १९५६ साली, शेजारच्या कापिसमधून फुटून. नव्या प्रांताला स्वतःचं, शेजाऱ्याहून जुनं असं काहीतरी हवं असतं. हाताशी एक सण होता आणि त्याला चिकटवायला एक गोष्ट होती. सण खोटा होता असं यातून कुणी काढू नये. कालिबोच्या रस्त्यावर पाय घासत चालायचं ते ‘सादसाद’, ‘हाला बिरा’चा पुकारा, मिरवणुकीत कुणालाही घुसायला मोकळीक, हे सगळं लोकांचं आहे. त्याला जोडलेली तारीख तेवढी उसनी.

मग आलं १९७०चं दशक. मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लावून बसलेल्या मार्कोस सरकारला परकीय चलन आणि पर्यटक हवे होते, आणि प्रादेशिक सणांना वरून प्रोत्साहन मिळू लागलं. इलोइलोला १९६८ साली सेबूहून मूर्तीची प्रतिकृती आली होती आणि एका चर्चच्या आवारात कालिबोच्या धर्तीवर छोटासा आती-आतिहान सुरू झाला होता. कालिबोची नक्कल म्हणवून घेणं परवडेना, म्हणून १९७७मध्ये नवं नाव घडवलं गेलं : दिनाग्यांग, हिलिगायनोन भाषेतल्या ‘दाग्यांग’वरून, म्हणजे मौजमजा. सेबूची पहिली सिनुलोग परेड १९८०ची. युवक-क्रीडा खात्याच्या प्रादेशिक अधिकाऱ्यानं ती काढली आणि वर्षभरात शहरानं ती ताब्यात घेतली. त्याच १९८०त शेजारच्या नेग्रोस बेटावरच्या बाकोलोद शहरानं मास्कारा हा सण सुरू केला. साखरेचे भाव पडले होते, प्रवासी बोट बुडून घरं उजाड झाली होती, आणि गावानं हसरे मुखवटे चढवले. त्याला निदान कुणी आठशे वर्षांचा म्हणत नाही.

सिनुलोगमध्ये जुनं काय आहे ते परेडमध्ये शोधू नये. ते बासिलिकाच्या, म्हणजे सेबूतल्या सांतो निन्योच्या चर्चच्या आवारात आहे. तिथे मेणबत्त्या विकणाऱ्या बायका असतात. तुम्ही मेणबत्ती घेता, ती बाई तुमचं नाव आणि मागणं विचारते आणि मेणबत्त्या हातात धरून तुमच्या वतीनं नाचते : दोन पावलं पुढे, एक मागे, ओठांत सेबुआनो प्रार्थना. ‘सुलोग’ म्हणजे पाण्याचा प्रवाह. सिनुलोग हे नाव त्या हालचालीचं. ढोल नाही, परीक्षक नाही. परेडमध्ये मात्र स्पर्धेचे दोन गट आहेत, एक ‘सिनुलोग-बेस्ड’ आणि दुसरा ‘फ्री इंटरप्रिटेशन’. म्हणजे सिनुलोगच्या स्पर्धेत सिनुलोगवर आधारलेला गट वेगळा काढावा लागला! भक्तांच्या तक्रारीचा सगळा सारांश या दोन नावांत आहे. २०२३ साली परेड जुन्या रस्त्यांवरून उचलून दक्षिणेच्या भराव टाकलेल्या जमिनीवर नेली तेव्हा चर्चा झाली ती चिखल, वाहतूक आणि अंतराची. प्रार्थनेचा मुद्दा तोवर मागे पडला होता.

राहिला दुसरा प्रश्न, सोंग कुणाचं. दिनाग्यांगच्या ‘जमाती’ म्हणजे शाळा-कॉलेजांतली मुलं, अंगाला रंग लावून, महिनोन् महिने तालीम करून उतरलेली. खरे आती त्याच इलोइलोच्या रस्त्यांवर ख्रिसमसच्या सुमारास हात पसरताना दिसतात. बोराकाय बेटही आकलानमध्येच येतं, आणि तिकडे जाणारे बरेच पर्यटक कालिबोच्याच विमानतळावर उतरतात. त्या बेटाचे पहिले रहिवासी आती. १९९७च्या आदिवासी हक्क कायद्याखाली त्यांना तिथे २०११ साली पूर्वजांच्या जमिनीची सनद मिळाली, अवघ्या २.१ हेक्टरची. २०१३च्या फेब्रुवारीत त्यांच्या तरुण प्रवक्त्याला गोळ्या घातल्या गेल्या. २०१८ साली बेट सहा महिने पर्यटकांना बंद ठेवून स्वच्छ केल्यावर सरकारनं त्यांना आणखी जमीन दिली. तिच्यावर खासगी मालकांनी हक्क सांगितला आणि २०२४मध्ये काही भागाला कुंपण पडलं. कथेत निदान सोन्याची टोपी तरी मिळाली होती.