हेडफोन लावला, तरी आवाज स्पीकरमधूनच का?

डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकमध्ये हेडफोन खोचला की मागच्या स्पीकरनं गप्प बसावं आणि हेडफोन काढला की स्पीकर पुन्हा सुरू व्हावा, इतकीच आपली अपेक्षा असते. ती पुरी झाली नाही तर रडगाणं ठरलेलं असतं. दोन्हीकडून एकदम आवाज येतो, किंवा हेडफोन लावूनही स्पीकरच वाजत राहतो, किंवा हेडफोन काढल्यावर कुठूनच काही येत नाही, नाहीतर आवाज भलतीकडेच, बहुतेक वेळा मॉनिटरकडे, निघून जातो. मग माणूस ड्रायव्हर, म्हणजे आवाजाचं हार्डवेअर चालवणारा प्रोग्रॅम, काढून पुन्हा टाकतो, विंडोज नव्यानं टाकायच्या गोष्टी करू लागतो, कधी नवा हेडफोनही घेतो. हा खटाटोप बऱ्याचदा वाया जातो, कारण बिघाड असतो एका थरात आणि दुरुस्ती चालते दुसऱ्याच. आवाज स्पीकरकडे जाणार की हेडफोनकडे, हे कोण ठरवतं आणि कशावरून, ते एकदा समजलं की कुठे हात घालायचा हे आपोआप कळतं.

जुन्या रेडिओत आणि टेपरेकॉर्डरमध्ये हा निर्णय धातूच घ्यायचा. जॅकच्या आत एक लवचिक पत्ती असते. जॅक रिकामा असताना ती दुसऱ्या एका पत्तीला टेकलेली असते आणि आवाजाचा विद्युत संकेत त्या जोडातून स्पीकरकडे जातो. प्लग आत शिरला की तो पत्तीला बाजूला ढकलतो, जोड सुटतो आणि स्पीकरची वाट तुटते. एवढंच. ना चिप, ना प्रोग्रॅम. या प्लगचं मूळ एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आहे. तिथला ६.३५ मिमी व्यासाचा प्लग आजही इलेक्ट्रिक गिटारला असतो आणि संगणकावरचा ३.५ मिमीचा प्लग ही त्याचीच लहान आवृत्ती.

संगणकातही आधी हीच युक्ती होती. इंटेलनं १९९७ मध्ये संगणकातल्या आवाजासाठी एसी ९७ नावाचं मानक आणलं. त्या काळच्या मदरबोर्डांवर आवाज आधी केबलमधून कॅबिनेटच्या पुढच्या जॅकपर्यंत जायचा आणि तिथल्या पत्त्यांमधून परत फिरून मागच्या हिरव्या जॅककडे यायचा. पुढे हेडफोन लावला की परतीची वाट तुटायची. पण पुढचा जॅक जोडलेलाच नसेल तर वाट अर्धवट राहायची आणि मागचे स्पीकर मुके व्हायचे. म्हणून मदरबोर्डवरच्या ऑडिओ पिनांपैकी ५ व ६ आणि ९ व १० या जोड्यांवर छोट्या टोप्या, म्हणजे जंपर, बसवलेले असत. कॅबिनेट बदलताना ते हरवले की स्पीकर बंद. अजून चालू असलेल्या एखाद्या जुन्या संगणकावर ही तक्रार आली तर आधी तिथेच पाहावं.

२००४ मध्ये इंटेलचंच एचडी ऑडिओ हे नवं मानक आलं आणि पत्तीचं काम बदललं. आता पत्ती आवाजाच्या वाटेत नसते. प्लग आत गेला की ती एक वेगळं, छोटं सर्किट पूर्ण करते आणि त्यातून मदरबोर्डवरच्या आवाजाच्या चिपला फक्त खबर मिळते: या जॅकमध्ये काहीतरी घातलं आहे. कोणता जॅक भरला हे चिप कसं ओळखते, हा या सगळ्या रचनेतला मला सर्वांत आवडणारा भाग. प्रत्येक जॅकसाठी चिपला स्वतंत्र पिन दिली तर पिना पुरणार नाहीत. म्हणून चार जॅक मिळून एकच पिन वापरतात आणि प्रत्येक जॅकच्या सर्किटमध्ये ठरावीक रोध असतो: ३९.२, २०, १० आणि ५.१ किलोओहम. हे आकडे जवळपास निम्म्यानिम्म्यानं उतरतात. रोध समांतर जोडले की बेरीज त्यांच्या वाहकतेची, म्हणजे वीज किती सहज वाहते त्याची, होते आणि वाहकता इथे एकास दोनास चारास आठ अशी चढत जाते. तागडीत १, २, ४ आणि ८ किलोची वजनं कशीही टाकली तरी नुसत्या एकूण भारावरून कोणती टाकली ते सांगता येतं, १३ किलो भरलं तर ८, ४ आणि १ हीच असणार. चिपही तसंच करते. एका पिनेवरचा एकूण रोध मोजून चार जॅकच्या सोळाच्या सोळा शक्यता ती वेगळ्या ओळखते.

खबर मिळाली की चिप ती ड्रायव्हरला कळवते आणि मागचा जॅक म्यूट करायचा की नाही ते ड्रायव्हर ठरवतो. म्हणजे पूर्वी जे एका पत्तीत उरकायचं, त्याचे आता तीन टप्पे झाले: जॅकनं ओळखायचं, ड्रायव्हरनं ठरवायचं आणि त्यावर ऑपरेटिंग सिस्टिमनं कोणता प्रोग्रॅम कुठे वाजवायचा ते बघायचं. बिघाड शोधायचा तोही याच क्रमानं.

पहिला प्रश्न असा: प्लग घातल्याचं संगणकाला कळतंय का? आवाजाच्या ड्रायव्हरसोबत आलेलं रिअलटेक या चिप बनवणाऱ्या कंपनीचं किंवा मदरबोर्ड बनवणाऱ्याचं ऑडिओ सॉफ्टवेअर उघडा, स्क्रीनवर नजर ठेवा आणि प्लग हळूहळू आत-बाहेर करा. जॅकचं चित्र उजळतं आणि मावळतं का, किंवा काय जोडलं ते विचारणारी खिडकी उघडते का ते पाहा. लिनक्सवर पल्सऑडिओ या आवाज सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या आवाज-नियंत्रकात आउटपुटच्या नावापुढे प्लग नसल्याची सूचना येते आणि प्लग घातला की ती जाते. काहीच हललं नाही तर चूक पहिल्या टप्प्यात आहे आणि ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी फरक पडणार नाही, हे धरून चाला. एक अपवाद आहे. ओळख सेटिंगमधूनच बंद केलेली असेल तरी काही हलत नाही, तेव्हा ते आधी तपासा.

पहिल्या टप्प्यातली कारणं मोजकीच आहेत. प्लग शेवटच्या खटक्यापर्यंत न बसणं हे सगळ्यांत साधं. कॅबिनेटचा पत्रा किंवा फायबरचं पॅनेल जाड असेल तर प्लग बाहेरच अडतो, संकेताचे जोड अर्धवट टेकतात आणि पत्ती मात्र ढकललीच जात नाही. दुसरं कारण म्हणजे पत्तीच अडकणं. हेडफोन काढल्यावरही संगणकाला तो लावलेला दिसत असेल तर आतली स्प्रिंग थकली आहे किंवा जॅकमध्ये धूळ आणि कपड्यांचे तंतू दाटले आहेत. संगणक बंद करून प्लग काही वेळा आत-बाहेर फिरवला की बऱ्याचदा पत्ती सुटते. दाबाच्या हवेचा फवाराही चालतो. टाचणी मात्र घालू नका, ती पत्ती कायमची वाकवते. पत्तीवर मळ किंवा गंज चढला असेल तर जोडाचा स्वतःचा रोध वाढतो, वर सांगितलेली बेरीज चुकते आणि चिपला भलताच जॅक भरलेला दिसू शकतो. पुढे हेडफोन लावल्यावर मागचा माइक लावल्याची सूचना येते, ती अशा वेळी.

तिसरं कारण कॅबिनेटच्या आत आहे. मदरबोर्डवर पुढच्या ऑडिओसाठी पिनांच्या दोन रांगा असतात. दहा जागा, त्यातली आठवी पिन मुद्दाम गाळलेली, म्हणजे जोडणी उलटी बसू नये. काही जुन्या कॅबिनेटांच्या एकाच केबलला दोन टोकं असतात, एकावर एचडी ऑडिओ लिहिलेलं आणि दुसऱ्यावर एसी ९७. दोन्ही टोकं त्याच पिनांवर आरामात बसतात आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. एसी ९७ चं टोक एचडी मदरबोर्डवर लावलं तर आवाज पोचू शकतो, पण खबर देणारी तारच तिथे नसते. मग पुढचा जॅक चिपला कधीच भरलेला दिसत नाही, नाहीतर सदासर्वकाळ भरलेला दिसतो. बरोबर टोक लावणं हा खरा इलाज. कॅबिनेटला एसी ९७ चंच टोक असेल तर ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये पुढच्या जॅकची ओळख बंद करायची किंवा बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅमात, पुढच्या पॅनेलचा प्रकार बदलायचा. त्यानंतर दोन्हीकडे आवाज कायम चालू राहील आणि स्पीकर त्याच्या स्वतःच्या बटणानंच बंद करावा लागेल.

संगणकाला प्लग कळतोय, पण वागणं मनासारखं नाही, अशी स्थिती असेल तर प्रश्न ड्रायव्हरचा. इथे एक गोष्ट अनेकांना बुचकळ्यात टाकते. विंडोजच्या यादीत पुढचा हेडफोन आणि मागचे स्पीकर असे दोन पर्याय दिसायला हवेत, पण बऱ्याच संगणकांवर फक्त ‘स्पीकर’ असं एकच नाव असतं. याचं कारण असं की ड्रायव्हर दोन्ही जॅकना आवाजाचा एकच प्रवाह देतो आणि तो इकडून तिकडे वळवण्याचं काम स्वतःकडे ठेवतो. विंडोजच्या दृष्टीनं उपकरण एकच असतं, मग निवडणार काय? रिअलटेकच्या प्रगत सेटिंगमध्ये पुढच्या आणि मागच्या जॅकवर दोन वेगळे प्रवाह वाजवण्याचा पर्याय असतो. तो चालू केला की यादीत दोन नावं येतात, आपोआप होणारी अदलाबदल थांबते आणि निवड आपल्या हातात येते. दिवसातून अनेकदा हेडफोन घालणाऱ्या-काढणाऱ्यांनी ही सोय जरूर करून घ्यावी. प्लग लावलेलाच ठेवायचा आणि टास्कबारवरच्या आवाजाच्या चिन्हातून हवं ते निवडायचं. जॅकची झीजही वाचते.

लिनक्सवर हाच निर्णय अल्सामिक्सर या टर्मिनलमधल्या प्रोग्रॅमात ‘ऑटो-म्यूट मोड’ या नावानं समोर दिसतो. त्याच्या तीन स्थिती असू शकतात: बंद, फक्त स्पीकर, आणि लाइन-आउट (बाहेरच्या अँप्लिफायरसाठीचं आउटपुट) व स्पीकर दोन्ही. डेस्कटॉपच्या मागचा हिरवा जॅक ड्रायव्हरच्या लेखी बहुधा लाइन-आउट असतो, स्पीकर नसतो. त्यामुळे ‘फक्त स्पीकर’ निवडल्यावर हेडफोन लावूनही मागचे स्पीकर वाजत राहतात आणि माणसाला वाटतं, सेटिंग चालतच नाही. ते चालतंय, पण त्याच्या हिशेबात तुमचे स्पीकर हे स्पीकरच नाहीत. कोणता जॅक कशासाठी, कॅबिनेटच्या पुढे की मागे, कोणत्या रंगाचा, ही सगळी माहिती बायोस प्रत्येक जॅकसाठी ३२ बिटांच्या एका नोंदीत चिपला लिहून देतो. ती नोंदच चुकीची असेल तर ड्रायव्हरचा निर्णयही चुकणार. लिनक्सवर एचडीएजॅकरीटास्क या छोट्या प्रोग्रॅमनं ही नोंद आपल्याला बदलून देता येते.

तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिममध्ये, सगळ्यांत जास्त घोळ करतो तो मॉनिटर. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच्या केबलमधून चित्राबरोबर आवाजही जातो आणि मॉनिटर जोडला जाताच आपल्याला कोणता आवाज वाजवता येतो तेही संगणकाला कळवतो. स्पीकर नसलेला पण हेडफोनचा जॅक असलेला मॉनिटरसुद्धा आवाजाचं उपकरण म्हणून यादीत येतो. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट झाला किंवा मॉनिटर झोपून जागा झाला की हे उपकरण नाहीसं होऊन पुन्हा उगवतं आणि त्या गडबडीत डीफॉल्टची, म्हणजे वेगळं काही न निवडल्यास वापरल्या जाणाऱ्या उपकरणाची, जागा पटकावतं. मॉनिटरमधून आवाज कधीच नको असेल तर विंडोजच्या जुन्या साउंड खिडकीत, प्लेबॅक टॅबमध्ये, ते उपकरण सरळ डिसेबल करून टाका. यूएसबी हेडफोनही याच वर्गातले. त्यांच्या आत स्वतःचं छोटं साउंड कार्ड असतं, त्यामुळे वरची जॅक, पत्ती आणि रोधाची कथा त्यांना लागूच होत नाही. ते लावले की नवं उपकरण येतं, काढले की जातं.

सगळं ठीक असूनही एकच प्रोग्रॅम जुन्या जागी वाजत असेल तर विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये बघा. २०१८ पासून विंडोज १० मध्ये प्रत्येक प्रोग्रॅमला वेगळं आउटपुट देता येतं आणि ती निवड लक्षात ठेवली जाते. कधीतरी ब्राउझरला हेडफोन नेमून दिलेला असतो आणि आपण ते विसरून गेलेलो असतो. तिथलं रीसेटचं बटण सगळ्यांना पुन्हा डीफॉल्टवर आणतं. काही गेम मात्र सुरू होताना जे उपकरण धरतात ते सोडत नाहीत, ते बंद करून पुन्हा उघडावेच लागतात.

ब्लूटूथ हेडफोनची तऱ्हा आणखी वेगळी. गाणं छान ऐकू येत असतं आणि व्हिडिओ कॉल सुरू झाला की आवाज एकदम चिरका, डबक्यातून आल्यासारखा होतो. ए२डीपी ही पद्धत चांगल्या दर्जाचा स्टिरिओ आवाज देते, पण त्यात माइकला जागा नाही. माइक लागला की जोडणी एचएफपी या फोन-कॉलच्या पद्धतीवर जाते, जिथे आवाज मोनो असतो आणि सेकंदाला सहसा फक्त ८ किंवा १६ हजार नमुने घेतले जातात. विंडोज १० च्या यादीत एकाच हेडफोनची दोन नावं दिसतात तीही यामुळेच. कॉलसाठी वेबकॅमचा किंवा दुसरा माइक निवडला की हेडफोन चांगल्या पद्धतीवर राहतो.

एवढं करूनही कटकट मिटत नसेल तर मी निःसंकोच धातूकडे परत जाण्याचा सल्ला देईन. अनेक डेस्कटॉप स्पीकरांच्या पुढच्या बाजूला हेडफोनचा जॅक असतो. तिथे हेडफोन लावला की स्पीकर आपणहून बंद होतात आणि संगणकाला त्याचा पत्ताही लागत नाही. तो जॅक नसेल तर मागच्या हिरव्या जॅकला एकाचे दोन करणारी ‘वाय’ (Y) आकाराची केबल लावता येते. बाहेरून वीज घेणाऱ्या स्पीकरांच्या आत येणाऱ्या संकेताला साधारण दहा हजार ओहम किंवा त्याहून जास्त रोध भेटतो, हेडफोनचा रोध अनेकदा ३२ ओहमच्या आसपास असतो, त्यामुळे स्पीकर शेजारी जोडल्यानं हेडफोनच्या आवाजात फरक जाणवत नाही. ही केबल उलटी, म्हणजे दोन संगणकांचे आउटपुट एका स्पीकरला जोडायला, वापरू नये. तसं केलं की दोन अँप्लिफायर एकमेकांच्या विरोधात काम करतात आणि दोन्हींवर ताण येतो. त्यासाठी खटक्यानं एक बाजू तोडून दुसरी जोडणारा साधा स्विचबॉक्सच घ्यावा.